कानगोष्टींचा चीन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. वय वर्षे आठ, शाळा इंग्रजी माध्यमाची. दुपारची जेवणे झाल्यावर तिने घरातल्या आणि शेजारच्या मुलांना गोल बसवले आणि पहिल्याच्या कानात एक वाक्य सांगितले. कानोकानी फिरत ते शेवटच्या मुलापर्यंत पोहोचले तेव्हा ‘आजीच्या डब्यात अनारसे आहेत’ याचे ‘आजीच्या दंडात सात आरसे आहेत’ असे काहीतरी झाले होते. आम्ही लहानपणी या खेळाला ‘कानगोष्टी’ म्हणत असू. भाचीने मला सुधारले. याचे नाव ‘चायनीज व्हिस्पर्स’. आणि लगेच विचारले, “मामा, चिनी माणसं एकमेकांच्या कानातच बोलतात का रे?”

प्रश्न बालिश होता, पण तो त्या नावातूनच निघालेला होता. नाव ठेवणाऱ्याच्या मनातही थोडीफार अशीच समजूत असणार. त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. पुढे थोडे वाचन केले, त्याचा हा वृत्तान्त.

खेळाचे हे नाव इंग्लंडमधले. एकोणिसाव्या शतकात तिथे हाच खेळ ‘रशियन स्कँडल’ या नावाने दिवाणखान्यात खेळला जात असे. पुढे विसाव्या शतकात रशियनांची जागा चिनी लोकांनी घेतली. अमेरिकन मुले त्यालाच ‘टेलिफोन’ म्हणतात. फ्रेंचांनी त्याला ‘अरबी टेलिफोन’ केले, जर्मनांनी ‘मुके टपाल’, तर तुर्कांनी आपल्यासारखेच सरळ ‘कानातून कानात’. ही नावे शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. ज्यांनी दुसऱ्या समाजाचे नाव वापरले, त्यांनी ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तोच समाज निवडला. कळत नाही ते गोंधळाचे, आणि जे गोंधळाचे ते त्या लोकांचे, असा हा न्याय आहे. चीनच्या भिंतीवरचे पहारेकरी एकमेकांना निरोप पोहोचवताना तो बिघडवत, म्हणून हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्तीही हौसेने सांगितली जाते. तिला आधार काही नाही. तीदेखील एक कानगोष्टच म्हणायची.

दुसरे उदाहरण बहुतेकांच्या घरातले आहे. षट्कोनी ताऱ्याच्या पटावर रंगीत गोट्या उड्या मारत पलीकडे न्यायच्या, तो ‘चायनीज चेकर्स’. या खेळाचा चीनशी जन्मसंबंध शून्य. १८८०च्या दशकात बोस्टनचे शल्यविशारद जॉर्ज हॉवर्ड मंक्स यांनी ‘हाल्मा’ नावाचा चौकोनी पटाचा खेळ शोधला. ‘हाल्मा’ हा उडी या अर्थाचा ग्रीक शब्द. १८९२ साली जर्मनीत त्याला ताऱ्याचा पट मिळाला आणि तो ‘स्टर्न-हाल्मा’ झाला. १९२८मध्ये अमेरिकेत प्रेसमन बंधूंनी तो बाजारात आणला तेव्हा त्याचे नामकरण ‘हॉप चिंग चेकर्स’ असे केले. ‘हॉप चिंग’ हे कानाला चिनी वाटावे एवढ्यासाठीच घडवलेले नाव. त्या दशकात अमेरिकेत माह-जाँगचे वेड पसरलेले होते आणि चिनी नाव लावले की माल खपत होता. याच काळात खुद्द चिनी मजुराला मात्र अमेरिकेचे दार बंद होते. १८८२चा चिनी स्थलांतरबंदीचा कायदा १९४३पर्यंत रद्द झाला नव्हता. नाव हवे होते, माणूस नको होता.

गंमत अशी की पुढे हा खेळ चीनमध्ये पोहोचला, मुलांना आवडला आणि आजही तिथे खेळला जातो. चिनी मुले त्याला ‘थ्याव-छी’ म्हणतात, म्हणजे ‘उड्यांचा पट’. बोस्टनच्या डॉक्टरने दिलेल्या ग्रीक नावाच्या अर्थाशी इतके प्रामाणिक राहिले ते चिनीच.

‘चायनीज जंप रोप’ म्हणजे दोघींनी पायात ताणून धरलेल्या इलॅस्टिकवर तिसरीने उड्या मारण्याचा खेळ. चिनी मुली तो खरोखरच खेळतात, तालात मोजणीची गाणी म्हणत खेळतात. तेव्हा हे नाव निदान खोटे नाही. पण याच खेळाचा उगम सातव्या शतकातील चीनमध्ये दाखवणारे लेख हौशी मंडळी लिहितात. रबरबँडचे पेटंट लंडनमध्ये स्टीफन पेरी यांनी घेतले ते १८४५ साली, एवढे सांगून हा विषय सोडून देतो.

आता उलट बाजू. जो खेळ चिनी मुळाचा आहे, त्याला जगात कोणी चिनी म्हणत नाही. ‘स्टोन, पेपर, सिझर्स’ आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक आहे. डाव कोणी घ्यायचा याचा निवाडा आता पुष्कळदा त्यानेच होतो. तो जगभर गेला जपानमधून, पण जपानने हस्तमुद्रांच्या खेळांची ही पद्धत चीनकडून घेतली. जपानी ‘केन’ हा शब्दही मुठीसाठी असलेल्या चिनी शब्दावरून आलेला. या खेळाच्या एका जुन्या प्रकारात तीन प्राणी एकमेकांना अडवतात. चिनी परंपरेत ते साप, बेडूक आणि गोम असे होते. साप बेडकाला खातो, बेडूक गोमेला, आणि गोम सापाला मारते. जपानी प्रकारात मात्र गोमेच्या जागी गोगलगायीच्या कुळातला बिनशंखाचा किडा आला. चिनी अक्षर वाचण्यात चूक झाली असावी, असे अभ्यासक मानतात. समुद्र ओलांडताना एक किडा दुसऱ्यात बदलला, तरी खेळाचे काही अडले नाही. खऱ्या अर्थाने ‘चिनी कानगोष्ट’ म्हणायची तर हीच.

मग चिनी मुले स्वतःच्या अंगणात काय खेळत होती? याचे उत्तर शोधणे वाटते तितके सोपे नाही. चित्रे विपुल आहेत. बाराव्या शतकातील सोंग दरबाराचा चित्रकार सू हानछन हा बालचित्रांसाठीच प्रसिद्ध होता. शरद ऋतूतील बागेत रमलेल्या बहीणभावाचे त्याच्या नावावरचे चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. स्टुलावर मांडलेल्या बोरांच्या फिरत्या खेळण्यात दोघे गढून गेले आहेत. नंतरच्या काळात ‘शंभर मुलगे’ हा चित्रविषयच रूढ झाला. पण ही चित्रे शुभचिन्हे होती. घर मुलग्यांनी भरावे ही इच्छा त्यांत रंगवलेली असे. त्यामुळे त्यांतली मुले गुबगुबीत, नीटनेटकी आणि बहुतांशी मुलगेच असतात. गल्लीतले, धुळीने माखलेले पोर तिथे शोधू नये.

ते पोर मला सापडले १६३५ साली निघालेल्या एका ग्रंथात. ल्यू थुंग आणि यू यिचंग या दोघांनी बीजिंग राजधानीतील स्थळे, सण आणि चालीरीती यांचे वर्णन करणारे हे पुस्तक लिहिले. मिंग घराण्याच्या अस्तापूर्वी अवघी नऊ वर्षे आधीचे हे राजधानीचे चित्र आहे. त्यात मुलांचे एक गाणे नोंदवलेले आहे. ते विलो वृक्षाच्या अवस्थांशी खेळांचे वेळापत्रक जोडते. एका अवस्थेत चाबकाने भोवरे फिरवायचे, दुसरीत घुमणारी पोकळ फिरकी सोडायची, झाड वठले की पिसांचा गोंडा पायाने उडवायचा. आणि कोंब फुटू लागले की आणखी एक खेळ सुरू होतो, ज्याचे वर्णन वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. दोन इंचांएवढा लाकडाचा तुकडा घ्यायचा. तो बोराच्या आठळीसारखा, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता करायचा. जमिनीवर ठेवून काठीने असा मारायचा की तो वर उडेल, आणि उडाला की दुसऱ्या फटक्यात दूर टोलवायचा. ज्याचा तुकडा जवळ पडेल तो हरला.

मराठी वाचकाला हा खेळ कोणता ते सांगण्याची गरज नाही. कोणी कोणाकडून घेतला, या वादात मला शिरायचे नाही. विटी-दांडूचे भाऊबंद इंग्लंडपासून अनेक देशांत आहेत आणि एक काठी व एक लाकडाचा तुकडा सुचण्यासाठी दुसऱ्या देशात जावे लागत नाही. मला महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. ज्या खेळावर ‘चिनी’ असा शिक्का आहे तो परका निघतो, आणि चीनच्या गल्लीतला खेळ मात्र आपल्या ओट्यासमोरचा वाटतो. तसेच दुसरे एक उदाहरण घ्या. चिनी मुले गोलात बसतात, एक जण मागून धावत कोणाच्या तरी पाठीशी गुपचूप हातरुमाल टाकतो. आपल्याकडे रुमालाबरोबर हरवलेले ‘मामाचे पत्र’ही असते. गोल तोच, धाव तीच. किंवा घार आणि पिल्ले : कोंबडी हात पसरून पुढे उभी, पिल्ले एकामागे एक कमरेला धरून, आणि घारीने झडप घातली की सगळी रांग शेपटीसारखी हेलकावते. असा खेळ शिकवायला शिक्षक लागत नाही.

तरीही चिनी मुलांना खेळच नाहीत, असलेच तर नीरस आहेत, असे लिहिणारे निघाले. आर्थर स्मिथ या अमेरिकन मिशनऱ्याने १८९९ साली चिनी खेड्यावर पुस्तक लिहिले. मैदानी खेळांना तो मिळमिळीत ठरवतो आणि त्याच दमात त्यांची यादी देतो. त्या यादीत टोकदार लाकडाला काठीने उडवण्याचा खेळही आहे. हातात विटी-दांडू असताना माणसाला ते दिसू नये, याचे मला नवल वाटते. त्याचाच देशबांधव आयझॅक टेलर हेडलँड याने वेगळी वाट धरली. पेकिंगमध्ये शिकवणाऱ्या या मेथडिस्ट मिशनऱ्याने मुलांना खेळताना पाहिले, प्रश्न विचारले आणि १९०१ साली चिनी मुलामुलींवर पुस्तक काढले. मुलग्यांच्या खेळांइतकेच स्वतंत्र प्रकरण त्याने मुलींच्या खेळांना दिले. त्यातला एक खेळ वेशीचे दार फोडण्याचा : हातात हात गुंफलेल्या दोन रांगा समोरासमोर, आणि एकाने धावत येऊन पलीकडची साखळी तोडायची. हे पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९००च्या उन्हाळ्यात, बॉक्सर बंडात पेकिंगमधील परदेशी वकिलातींना वेढा पडला होता आणि नंतर आठ देशांच्या फौजांनी शहर लुटले होते. हे ठाऊक असले की तो निरागस खेळ पूर्वीसारखा वाचता येत नाही.

हेडलँडच्याही आधी, १८९६मध्ये, इटालियन वकिलातीतील व्हिताले याने पेकिंगची बालगीते जमवून छापली. या गाण्यांतून चीनची नवी राष्ट्रीय कविता उगवू शकेल असे त्याने म्हटले होते. चिनी पंडितवर्गाला ही गाणी नोंदवण्याच्या लायकीची वाटत नव्हती. हे चित्र पालटायला वीसेक वर्षे लागली. लू शुनचा धाकटा भाऊ चौ त्सोरन याने १९१४मध्ये बालगीतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेब्रुवारी १९१८मध्ये पेकिंग विद्यापीठाने देशभरातून लोकगीते मागवली, त्यात कवी व भाषाशास्त्रज्ञ ल्यू बाननुंग याचा पुढाकार होता. डिसेंबर १९२२पासून लोकगीतांचे साप्ताहिक सुरू झाले आणि १९२५पर्यंत त्याचे ९७ अंक निघाले. हू श याने व्हितालेचे पुस्तक नव्या पिढीसमोर आदराने ठेवले. बोलीभाषेतून साहित्य लिहिण्याची चळवळ आणि मुलांच्या तोंडच्या ओळी टिपण्याची ही मोहीम एकाच विद्यापीठात, त्याच माणसांच्या हातून झाली, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. आपल्या अभ्यासक्रमात त्या चळवळीचा उल्लेख कधी झालाच तर घोषणापत्रांपुरता होतो. खेळगाणी राहून जातात.

लू शुनने १९२५च्या जानेवारीत ‘पतंग’ नावाचे छोटे गद्य लिहिले. ‘रानगवत’ या त्याच्या संग्रहात ते आहे. त्यातला निवेदक लहानपणी पतंगाला कर्तृत्वहीन पोरांचा उद्योग समजत असे. धाकटा भाऊ लपून पतंग बनवताना त्याला सापडतो. तो पतंग मोडतो, पायाखाली तुडवतो आणि निघून जातो. अनेक वर्षांनी एका परदेशी पुस्तकात तो वाचतो की खेळणे हे मुलाचे सर्वांत योग्य काम आहे. मन कुरतडू लागते. दोघेही आता प्रौढ, चेहऱ्यावर कष्टाच्या रेषा असलेले. तो भावाकडे ती गोष्ट काढतो, क्षमा मागू पाहतो. भाऊ आश्चर्याने ऐकतो, जणू दुसऱ्याच कोणाची हकिगत. त्याला काही आठवत नसते.

परवा भाचीचा फोन आला तेव्हा १६३५च्या ग्रंथातले ते लाकडाच्या तुकड्याचे वर्णन मी तिला माझ्या मराठीत सांगितले आणि खेळ ओळखायला लावला. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, “मामा, हा पण चायनीज गेम आहे का?” मी विटी आणि दांडू असे शब्द उच्चारले. तिने ते पाठ्यपुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष विटी तिने पाहिलेली नव्हती, त्यामुळे फोन ठेवल्यावर मला तिच्यासाठी कागदावर चित्र काढावे लागले.