फुकटची जागा, पण किल्ली कुणाकडे?

आमच्या गावात तीन पोरांनी सॉफ्टवेअरचं काम सुरू केलंय. परवा चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "दादा, कोड ठेवायला स्वस्तात कुठली जागा बरी?" मी पत्रकार, इंजिनिअर नाही. पण इतिहास वाचलाय, तोच सांगितला.

लिनक्सवाले २००२ पासून बिटकीपर फुकट वापरत होते. २००५ मध्ये मालकाने सवलत काढून घेतली. लिनस टोरवाल्ड्सने काही दिवसांतच स्वतःचं गिट उभं केलं. २००८ मध्ये गिटहब आलं. कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला तर फुकट, खाजगी ठेवायचा तर पैसे. मग बिटबकेटने पाच जणांपर्यंत खाजगी कोड फुकट दिला आणि लहान टीम तिकडे वळल्या. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब घेतलं, आणि २०२० च्या एप्रिलपासून तिथेही टीमचा खाजगी कोड फुकट झाला. दरम्यान गूगल कोड २०१६ मध्ये बंद पडलं. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियल सोडलं, तिथल्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

म्हणजे फुकट हा मालकाचा आजचा दर आहे, आपला हक्क नव्हे.

गिटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर कोडचा पूर्ण इतिहास असतो, ही मोठी सोय. पण कामांची यादी, चर्चा, परवानग्या मालकाच्याच घरी राहतात. म्हणून पोरांना म्हटलं, आज फुकटात राहा, पण दर आठवड्याला सगळ्याची प्रत आपल्या डिस्कवर घ्या.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याने सामान बांधायची तयारी ठेवावी. तुमचा कोड कुठे आहे? प्रत आहे ना?