वैनगंगेवरचा थरथराट

आमच्या भंडाऱ्याकडे वैनगंगेत डोंगा चालत आला तो वल्ह्यावर आणि बांबूवर. पहाटे जाळे टाकणारे ढिवर बांधव हळू बोलले तरी पलीकडच्या काठाला ऐकू येते. पाण्यालगतची हवा थंड, वरची उबदार. त्यामुळे आवाज खाली वाकून दूरवर जातो.

22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्दची पायाभरणी झाली. पुढे पवनी तालुक्यात विस्तीर्ण जलाशय झाला, गावे उठली आणि त्या पाण्यावर मोटारबोटी आल्या. बोटीत बसलो की मला आधी पाणी जाणवत नाही, इंजिन जाणवते. बाकडे थरथरते, शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागते.

दुखणे जुनेच आहे. पंखा पाण्याला मारतो म्हणून आगबोट हादरते, अशी समजूत होती. इंग्रज बोटबांधणीकार आल्फ्रेड यॅरो यांनी बोट जागेवर उभी केली, पंखा काढून ठेवला आणि नुसते इंजिन चालवले. बोट तशीच हादरली! दोष वरखाली होणाऱ्या दट्ट्यांचा होता. हे त्यांनी 1892 मध्ये जहाजतज्ज्ञांपुढे मांडले. इतका साधा प्रयोग आधी कोणाला सुचू नये, याचे मला नवल वाटते. पुढे यॅरो आणि जर्मन अभियंता ऑटो श्लिक यांच्या नावाने दट्ट्यांची वजने एकमेकांना तोलणारी रचना रूढ झाली. पार्सन्सने तर 1897 मध्ये इंग्लंडच्या आरमारी संचलनात दट्टेच नसलेली टर्बाइनची बोट पळवून दाखवली.

छोट्या बोटीला टर्बाइन परवडत नाही. तिच्या कामी आले रबर. 1931 मध्ये अमेरिकेत प्लिमथ मोटारीचे इंजिन रबरी आधारांवर बसवले गेले. तीच युक्ती बोटींतही आहे. पण रबर मऊ असले की इंजिन संथ चालताना उलट जास्त डुलते. शिवाय इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत नसेल तर रबर काय करणार? ही रेषा बोट पाण्यात सोडल्यावरच तपासायची, कारण काठावरचा सांगाडा पाण्यात थोडा वाकतो. धुराच्या नळीत पाणी सोडले की तिचाही आवाज बसतो. गडेगावला 1982 पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. दांडा, गिअर हे शब्द आमच्या जिल्ह्याला परके नाहीत.

2024 मध्ये गोसेखुर्दच्या जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. पर्यटकाला तासभराचा गोंगाट चालेलही. ज्याचे जाळे तिथेच पडते, त्याला तो रोजचा. केरळात वैक्कमला जानेवारी 2017 पासून 75 प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर नौका चालते. तिथे दट्टे नाहीत, धूरही नाही. आपल्याकडेही फेऱ्या छोट्याच असणार, तेव्हा विजेची बोट सहज जमावी. पंखा आणि दांडा मात्र तिलाही असतात. ती रेषा तिथेही तपासावीच लागेल.