तिसरा स्पुटनिक आणि बिघडलेला टेप रेकॉर्डर

मंडळी, स्पुटनिक म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो, नाहीतर दुसऱ्यातली ती बिचारी लायका. तिसऱ्याचं नाव फारसं कोणी काढत नाही. खरं तर सगळ्यात आधी जायचा होता तो हाच. वजन १,३२७ किलो, आत बारा वैज्ञानिक उपकरणं; किरणोत्सर्गासाठी गणक, चुंबकीय क्षेत्रासाठी दोल्गिनोव्ह यांचा मॅग्नेटोमीटर. पण उपकरणं वेळेत तयार होईनात, म्हणून कोरोल्योव्ह यांनी आधी तो साधा गोळा पाठवून दिला.

हा उडाला १५ मे १९५८ रोजी. आता अडचण अशी, की उपग्रह साऱ्या पृथ्वीभोवती फिरणार आणि ऐकणारी केंद्रं फक्त सोव्हिएत भूमीवर. बाकीच्या प्रवासातली मोजमापं टेपवर साठवायची आणि घरावरून जाताना खाली धाडायची, असा बेत. तो रेकॉर्डरच चालला नाही. दोष उड्डाणापूर्वीच्या चाचणीत दिसला होता, तरी उड्डाण झालं!

या रेकॉर्डरमुळे रशियानं प्रारण पट्ट्यांचं श्रेय गमावलं, असं नेहमी सांगतात. मला ते तितकंसं पटत नाही. तारखा बघा ना. अमेरिकेच्या १४ किलोच्या एक्सप्लोरर १ मधला गायगर गणक अधूनमधून चक्क शून्य दाखवत होता. मार्चमध्ये एक्सप्लोरर ३ टेप रेकॉर्डर घेऊन गेला आणि अख्ख्या फेरीची नोंद हाती आली: आकडा चढतो, एकदम शून्य, पुन्हा वर. मॅकइलवेन यांनी गणकावर क्ष-किरण सोडून पाहिलं. कणांचा मारा अतोनात झाला की गणक मोजणंच सोडतो! म्हणजे ते शून्य नव्हतं, उलट पूर होता. व्हॅन ॲलन यांनी हे जाहीर केलं १ मे रोजी. आपला स्पुटनिक तेव्हा जमिनीवरच होता.

श्रेय निसटलं ते त्याआधी, नोव्हेंबर १९५७ मध्ये. स्पुटनिक २ वर व्हेर्नोव्ह यांचा गणक होता. पण रशियावरून जाताना तो उपग्रह खाली असे, आणि उंच जाई दक्षिण गोलार्धात. ऑस्ट्रेलियात त्याचे संदेश ऐकू येत. अर्थ लावायची किल्ली मात्र मॉस्कोत.

रेकॉर्डरनं घालवला तो नकाशा. तरीही घरावरून जाताना मिळालेल्या तुटक नोंदींत व्हेर्नोव्ह आणि चुदाकोव्ह यांना बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन सापडलेच. तो पट्टा उत्तरेकडे बराच खाली उतरतो, त्याचा हा फायदा.

उपग्रहाचा एक छोटा प्रेषक सौरघटांवर चालत होता. एप्रिल १९६० मध्ये उपग्रह वातावरणात जळाला, तोवर त्याचे संदेश येत होते.