नवीन सॉफ्टवेअर किंवा गेम टाकल्यावर कॉम्प्युटर रिस्टार्ट करावाच लागतो का? जाणून घ्या

वैजापूर : पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी सेवा केंद्रावर अंगठा द्यायला गेलं की कधी कधी 'मशीन बोट घेत नाही' असं ऐकायला मिळतं. शेतकामाने बोटं घासलेली असतील तर गोष्ट वेगळी. पण मशीनचं सॉफ्टवेअर नुकतंच टाकलेलं असेल, तर कॉम्प्युटर रिस्टार्ट केलाय का, हे आधी विचारावं. शहरात दुसरी चक्कर मारण्यापेक्षा ही पाच मिनिटं स्वस्त पडतात.

प्रत्येक वेळी मात्र रिस्टार्टची गरज नसते. गेम, ब्राउझर, फोटो-व्हिडिओचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट हे टाकल्यावर बहुतेक वेळा लगेच चालतं. फार तर तो प्रोग्राम एकदा बंद करून परत उघडावा लागतो. मोबाईलवर ॲप टाकल्यावर आपण फोन कुठे बंद करतो? तसंच हे.

गरज पडते ती विंडोजच्या मुळाशी हात घालणाऱ्या गोष्टींना. विंडोजचा अपडेट, काही अँटीव्हायरस, आणि प्रिंटर, अंगठ्याचं मशीन किंवा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर यांत ही वेळ येऊ शकते. कारण साधं आहे. कॉम्प्युटर चालू असताना काही फाइल वापरात असतात, त्या बदलता येत नाहीत. मग नवी फाइल बाजूला ठेवली जाते आणि पुढच्या वेळी सुरू होताना जुनीच्या जागी बसवली जाते. तोपर्यंत काम अर्धवटच. त्यामुळे स्क्रीनवर रिस्टार्टची सूचना आली तर 'नंतर' दाबून दिवसभर ढकलू नये. फक्त त्याआधी अर्धा भरलेला फॉर्म सेव्ह करायला विसरू नका.

इथेच बरेच जण फसतात. 'रोज रात्री बंद करतो की' म्हणतात, पण शट डाउन आणि रिस्टार्ट एक नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू' उघडा आणि 'अप टाइम' बघा. रोज बंद होणारा कॉम्प्युटर तिथे कित्येक दिवस चालू असल्याचं दिसू शकतं. शिफ्ट बटण दाबून ठेवून शट डाउन केलं तरी तो पूर्ण बंद होतो.

आणखी एक, आपल्याकडच्या लाईटचं. अपडेट बसत असताना वीज गेली तर विंडोज बिघडू शकतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर भारनियमनाची वेळ टाळूनच अपडेट लावावा. लॅपटॉप आधी पुरेसा चार्ज करून घ्यावा.