अतिदक्षता विभागातील संसर्ग आणि परिचारिका: व्हिएन्ना ते रायपूर

हात धुण्याचा नियम अतिदक्षता विभागाहून शंभर वर्षांनी जुना आहे. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पुढे 1952 च्या पोलिओ साथीत कोपनहेगन येथे इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्यातून अतिदक्षता विभाग उभा राहिला. मात्र जीव वाचवणारी नळीच जंतूंना शरीरात शिरायची वाट देते. श्वासाची, लघवीची, शिरेतली अशा सर्व नळ्यांची रोजची निगा परिचारिकेकडे असते.

आता रायपूरकडे वळू. येथील एम्स 2012 मध्ये सुरू झाले आणि मार्च 2020 मध्ये छत्तीसगडचा पहिला कोविड रुग्ण तेथेच दाखल झाला. त्या साथीने सर्वत्रच एक जुना पेच ठळक केला. हातमोजे परिचारिकेचे रक्षण करतात. पण ते न बदलता ती दुसऱ्या खाटेकडे गेली, तर जंतूही तिच्यासोबत जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले. अल्कोहोलयुक्त द्रावण वापरल्यास एका वेळी 20 ते 30 सेकंद लागतात. एका रुग्णामागे तासात असे 15 प्रसंग आले असे धरा: पाच ते साडेसात मिनिटे गेली. रुग्ण दोन झाले, की हा वेळ दुप्पट. म्हणून उत्तरात आव्हाने लिहिताना निष्काळजीपणापासून सुरुवात करू नका. आधी एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत, ते विचारा.