कोपराचा कोन आणि सैनिकाचे अपंगत्व : अमेरिकी मूल्यमापन-पद्धतीचा ऐतिहासिक आढावा

युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाची तरतूद करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य होय, हा विचार जुना आहे. त्याच्या शरीराची हानी टक्केवारीत मांडणे ही मात्र आधुनिक प्रशासनाची पद्धती होय. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या कोपराच्या विकारांच्या संदर्भात या पद्धतीचा विचार केला आहे.

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात १८६२ च्या कायद्याने साध्या सैनिकास पूर्ण अपंगत्वासाठी दरमहा ८ डॉलर निवृत्तिवेतन ठरविले. अंगमेहनतीची क्षमता हा त्याचा निकष होता. या युद्धात शल्यचिकित्सकांनी अनेकदा हात न कापता कोपराचा चिरडलेला सांधाच काढून टाकला. अशा सैनिकाचा हात शाबूत राही, परंतु काही वेळा तो लटकता व निरुपयोगी होई. गमावलेला अवयव मोजणे सोपे असते. असून नसल्यासारखा हात कसा मोजावा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

ऑक्टोबर १९१७ च्या कायद्याने नागरी व्यवसायातील अर्जनक्षमतेची सरासरी हानी हे तत्त्व स्वीकारले. १९२४ च्या कायद्याने सैनिकाचा भरतीपूर्वीचा व्यवसायही विचारात घेतला. १९३३ च्या तक्त्यात पुन्हा सरासरीचेच तत्त्व आले. १ एप्रिल १९४६ पासून लागू झालेला १९४५ चा तक्ता आजच्या पद्धतीचा पाया आहे.

या तक्त्यात निरोगी कोपर ० ते १४५ अंशांपर्यंत वाकते, असे गृहीत धरले आहे. कोपर ७० ते ९० अंशांच्या दरम्यान कायमचे आखडले, तर प्रमुख हातास ४० टक्के व दुसऱ्या हातास ३० टक्के अपंगत्व दिले जाते. ५० अंशांहून कमी कोनात आखडल्यास हेच प्रमाण ६० व ५० होते. उजव्या-डाव्याचा हा भेद व्यवहाराला धरून आहे. वाकणे ९० अंशांवर थांबल्यास २० टक्के, १०० अंशांवर थांबल्यास १० टक्के आणि ११० अंशांवर थांबल्यास शून्य टक्के मिळतात.

हे शून्य विचार करावयास लावणारे आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉरे व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार दैनंदिन कामांपैकी बहुतेकांसाठी कोपराची ३० ते १३० अंशांची हालचाल लागते. म्हणजे ज्याचे कोपर ११० अंशांपलीकडे जात नाही, त्यास घास तोंडापर्यंत नेण्यासाठी मान पुढे करावी लागते, आणि तक्ता त्यास निव्वळ कोनाच्या आधारे काहीच देत नाही. अर्जनक्षमतेचे तत्त्व मांडणाऱ्या कायद्याने व्यवहारात कोनमापकावरच भिस्त ठेवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

या उणिवेवर काही अंशी उपाय वेदनेच्या नियमांतून निघाला. हालचाल वेदनादायक असल्यास त्या सांध्यास किमान मूल्यांकन मिळावे, अशी तरतूद नियमांत आहे. १९९५ मध्ये डिल्युका विरुद्ध ब्राऊन या खटल्यात माजी सैनिकांच्या अपिलांसाठीच्या न्यायालयाने वेदना, अशक्तपणा व थकवा यांमुळे होणारी कार्यहानी तपासणीत नोंदविणे आवश्यक ठरविले. खटला खांद्याचा होता, तरी निर्णय कोपरासही लागू पडला. २०११ च्या मिचेल विरुद्ध शिन्सेकी या निकालाने मात्र केवळ वेदना पुरेशी नसून तिच्यामुळे कार्यहानी व्हावी लागते, असे स्पष्ट केले. २०२१ मध्ये अस्थी व स्नायूंविषयीच्या विभागात सुधारणा झाली. कोपराचे कोन व त्यांपुढील टक्के तसेच राहिले.