कृष्णेचा उतार आणि भोपळ्याची सांगड

आपल्या इतिहासग्रंथांत नदी येते ती बहुधा फौजेच्या वाटेंत आडवी पडली म्हणून. सेना कोठें उतरली, किती दिवस खोळंबली, हें बखरकार लिहितात, इंग्रज सेनापतीहि लिहितात. परंतु बाजाराला किंवा माहेराला निघालेलें माणूस भर श्रावणांत पैलतीरीं कसें पोंचलें, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. कृष्णाकाठच्या लोकांनीं या कामीं जी विद्या संपादन केली, ती आमच्या मतें लढाईच्या डावपेचांहून कमी योग्यतेची नव्हे.

तिचें साधन मात्र अगदीं गरीब. अखंड वाळविलेले दोन भोपळे दोरीनें जखडून छातीखालीं घेतले कीं माणूस तरंगतो. अधिक भोपळे बांधून वर बाज ठेवली कीं ओझें पार होतें. हीच सांगड. दोन विचारांची ‘सांगड घालतांना’ आपण पाण्यावरचीच वस्तु उसनी घेत असतों, याचें भान आपणांस उरलेलें नाहीं. संस्कृत ‘संघाट’ शब्दाशीं तिचें नातें जोडतात. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पूर्व किनाऱ्यावरील, ओंडके एकत्र जोडून केलेल्या मोठ्या नौकांना ‘संगर’ म्हटलें आहे, तेंहि याच कुळांतलें असावें.

भोपळा तरंगत ठेवतो, पार नेत नाहीं. समोरचा घाट गांठावयाचा तर बराच वरच्या अंगाला पाण्यांत शिरावें लागतें. धारेशीं समोरासमोर झुंजणारा थकतो. तिरका जाणारा धारेच्याच जोरावर सरकत काठाला लागतो. वळणावर बाहेरच्या काठाला ओढ अधिक, आंतल्या काठाला पाणी मंद. खडकाच्या पाठीमागें क्षणभर विसावा मिळतो. पण पाण्यांत वांकलेल्या बाभळीपासून दूर राहावें, कारण पाणी फांद्यांतून निघून जातें आणि माणूस अडकतो. धांवत्या पाण्यांत उथळ दिसलें म्हणून उभें राहूं नये. दगडांत पाय सांपडला तर कमरेइतकें पाणीहि बुडवितें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें, फळीवर छाती टेकून व पायांत रबरी पंख चढवून खळाळांतून जाण्याचा खेळ निघाला. त्याचे शिक्षक शिकवितात ते नियम हेच. त्यांच्या डोक्याला शिरस्त्राण व अंगांत तरंगतें जाकीट असतें, एवढाच फरक. आणि तो लहान नव्हे.

शिवाय कृष्णा सर्वत्र सारखी नाहीं. वाईकडे ती खडकाळ. कऱ्हाडास कोयना तिला समोरून येऊन भिडते आणि दोघी काटकोनांत पूर्वेस वळतात. ‘प्रीतिसंगम’ हें नांव गोड खरें, पण पुरांत तेथलें पाणी भोवंडतें. पुढें हरिपुरास वारणा मिळते. पाऊस पडतो महाबळेश्वरीं आणि कोयनेच्या खोऱ्यांत. सांगलीस लख्ख ऊन असतां नदी पायऱ्या चढत असते.

हें वेळापत्रक ओळखणारा परका म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढील वेलिंग्टनचा ड्यूक. 1803 च्या एप्रिलांत तो मिरजेवरून पुण्यास गेला तेव्हां पाणी उतरलेलें होतें. तरीहि पावसाळ्यापूर्वीं दक्षिणेच्या नद्यांवर कातड्यानें मढविलेल्या टोपलीवजा नावा सिद्ध ठेवण्याविषयीं त्याचा तगादा होता. नद्या केव्हां भरणार हें आधीं ठाऊक असणें, हीच त्याला अर्धी तयारी वाटे. इतकी नजर आपल्याकडील किती सरदारांनीं ठेवली होती, हा प्रश्न सुखद नाहीं.

1929 सालीं सांगलीस आयर्विन पूल झाला. पण नदी इतिहासांतून हटली नाहीं. 24 जुलै 1943 रोजीं वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तेव्हां कृष्णेला पूर होता. अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना त्या दिवशीं हौतात्म्य आलें. दादांच्या खांद्याला गोळी लागली व ते पकडले गेले.

पुढें पूल वाढले, धरणें झालीं, भोपळे माळ्यावरून गेले. ऑगस्ट 2019 मध्यें आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर चढलें. त्याच महिन्याच्या 8 तारखेस, येरळा जेथें कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळ गांवीं, पुरांतून बाहेर पडणाऱ्या माणसांनीं गच्च भरलेली नाव उलटली. तींत स्त्रिया होत्या, लहान मुलें होतीं. पुष्कळांजवळ तरंगण्यास आधार असें कांहींच नव्हतें.